तीन घरांचा दाखला

मालूबाईनं तव्यावरची पोळी उलटली आणि त्याच वेळी उषाताईंनी फॉर्म उलटला.

पुढच्या बाजूला फार काही नव्हतंच. नाव, वॉर्ड, आधार नंबर आणि खाली एक तक्ता: कुणाकडे काम करता, काय काम, महिन्याचा पगार, मोबाइल, सही. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना पेन्शन देणाऱ्या ऑफिसनं या वर्षी ठरवलं होतं, की यापुढे दर वर्षी बाईची कमाई तिला कामावर ठेवणाऱ्यांकडूनच लिहून आणायची. मालूबाईला कामावर ठेवणारे म्हणजे लालबाग मोहल्ल्यातल्या एकाच गल्लीतली तीन स्वयंपाकघरं, आणि फॉर्म मात्र तिघींत मिळून एक. उषाताईंना त्यातली पहिली ओळ भरून सही करायची होती, बस. मागच्या बाजूशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण पेपर मिलच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईच्या हातात कुणाचा कागद पडावा आणि तिनं तो मागूनपुढून वाचू नये, हे काही होणं नव्हतं.

"पती सोडून गेल्याला किती वर्षं," उषाताईंनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "मालू, नऊ वर्षं?"

"हाव."

"आणि मला तू सांगितलंस, तो सुरतला असतो!"

"सुरतलेच राह्यते. तुमी इचारलं कुठी राह्यते, मी सांगलं. कोनासंग राह्यते ते तुमी इचारलंच नाही."

"मग हे मंगळसूत्र गं?"

"ते माहं हाये, ताई. माह्या पैशाचं."

उषाताई वाचायच्या मात्र थांबल्या नाहीत. बोट ओळीवरून खाली सरकत गेलं. पती पैसे पाठवतो का. पुन्हा लग्न केलं आहे का. घरात कुणाला मोठा आजार. तिथं ते बोट थांबलं.

"अगं बाई! तुझ्या ज्योत्स्नाला सिकलसेल? तो रक्ताचा आजार?"

मालूबाईनं गॅस बंद केला. ही मागची बाजू ज्योत्स्नानंच भरली होती, बारावीतल्या मुलीच्या गोल, नीटस अक्षरात, स्वतःचा आजारसुद्धा. हिंदी फॉर्मवर 'बीमारी का नाम' असं विचारलं होतं, तिनं लिहून टाकलं. लिहिताना आईकडे एकदा पाहिलं होतं फक्त. उद्या पोरीची सोयरीक पाहायची वेळ आली की हीच गोष्ट कोणकोणत्या ओट्यावर चघळली जाईल, ते मालूबाईला आत्ताच दिसत होतं. तिला संताप आला, आणि तो लपवायचीही तिला गरज वाटली नाही. पदराला हात पुसत ती आली, उषाताईंच्या हातातला कागद सरळ केला आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमची जागा हे हाये. इथी लिवा."

उषाताईंनी पेन उघडलं. स्वयंपाकाचं काम, असं लिहिलं. पगाराच्या रकान्यापाशी मात्र पेन जरा थबकलं. त्या मालूबाईला महिन्याला बाराशे देत. पण गल्लीच्या भिशीत त्यांनी कधीतरी वेगळंच सांगितलं होतं, आणि हा कागद इथून निघून थेट भिशीतल्या सुमनकडेच जाणार होता. त्यांनी दोन हजार पाचशे लिहिलं.

आकडे मालूबाईला चांगले वाचता येत.

"ताई, तुमी बाराशे देता."

"अगं, कागदावर जरा बरं दिसतं. तुझाच मान राहतो त्यात."

सुमनभाभीनं वरची ओळ वाचली आणि ती हसली. तिच्या नवऱ्याचे पॉवरलूम होते. पेपर मिलच्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईपेक्षा तिनं कमी लिहावं, हे शक्यच नव्हतं. देत होती हजार. झोकात लिहिले तीन हजार, आणि सहीखाली रेघ ओढली. मग तिनंही कागद उलटला.

"हाय राम, मालूबाई! लड़की को डॉक्टर क्या बोला? शादी-ब्याह होईल ना तिचं?"

"तिचं ते मी पाह्यन."

जाताना सुमनभाभीनं दोन जुन्या साड्या पिशवीत घालून दिल्या. दोन वर्षांत सणावारालाही तिनं कधी साडी दिली नव्हती. मालूबाईनं पिशवी घेतली, तिथल्याच धुण्याच्या मशीनवर ठेवली आणि चपला घातल्या.

तिसरं घर हिमानीचं. बँकेत नोकरी, एकटी राहायची, संध्याकाळी सातला यायची. तिनं तक्त्यातली आपली ओळ शोधली, पंधराशे लिहिले, कारण ती पंधराशेच देत होती, आणि सही केली. कागदाची मागची बाजू तिच्या हातात तशीच खाली होती. मालूबाई वाट पाहत होती.

"पीछे कुछ भरना है क्या?" हिमानीनं विचारलं.

"नाही. ते माह्याबद्दल हाये."

"मग ते मी नाही बघत." तिनं खरोखरच पाहिलं नाही. पण वरच्या दोन ओळी तिच्या नजरेतून सुटल्या नाहीत. बँकेतली मुलगी; बेरीज तिनं मनातच केली. "मालूताई, ही लोकं सच में इतना देतात?"

"छट्!"

"मग हा फॉर्म असा जमा करू नका. ऑफिसची लिमिट आहे ना, टोटल त्याच्या वर जातंय. तुमची पेन्शन बंद होऊन जाईल."

मालूबाईनं फॉर्म परत घेतला. सहाशे रुपये महिना. लालबागच्या बायकांना सहाशे म्हणजे एका दुपारची गंमत असेल. इथं त्यात ज्योत्स्नाच्या महिन्याच्या गोळ्या आणि दवाखान्याला जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं भागत होतं, नऊ वर्षांत कुणासमोर हात न पसरता. तो पैसा आता दोन बायकांच्या फुशारकीत बुडायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी उषाताईंकडे भिशी होती. मालूबाई सकाळी लवकर गेली, साबुदाणा भिजवलेला होता तो चाळणीत काढला, बटाटे कुस्करले, आणि उषाताई चटणीची चव घ्यायला आत आल्या तेव्हा म्हणाली,

"ताई, आकडा खरा करून द्या. नाही तर माही पेन्शन जाते."

"अगं, आता सुमननं पाहिलंय. खोडलं तर तिला कळेल ना."

"कयू द्या."

"तू असं कर, फॉर्म जमा कर. ऑफिसमधून फोन आला की मी खरं काय ते सांगते. शप्पथ."

शप्पथ म्हणताना उषाताईंनी गळ्याला हातही लावला. मालूबाईनं वडे तळून डब्यात भरले आणि दुपारी राजपुऱ्यात आपल्या घरी न जाता सरळ ऑफिस गाठलं.

खिडकीमागे लीलाधर बाबू होता. तिच्याच तुकईथड गावाकडचा माणूस, वाईट नव्हता. फक्त कागद मोठ्यानं वाचायची त्याला सवय होती. मालूबाईच्या मागं रांगेत वीस-पंचवीस माणसं उभी होती.

"पती नऊ वर्षांपासून... दुसरं लग्न नाही... मुलगी, सिकलसेल..."

"भाऊ," मालूबाई म्हणाली, "जरा अजून जोरात. मागच्या म्हातारबुवाले आयकू नाही आलं."

रांगेत कुणीतरी हसलं. लीलाधरचा चेहरा उतरला. त्यानं कागद घाईनं सरळ केला आणि पुढची बेरीज मात्र अगदी हळू आवाजात सांगितली. मर्यादेच्या वर. पेन्शन बसत नाही.

"दोन आकडे खोटे हायेत. फोन करून पाहा. नंबर हायेत त्याच्यावर."

लीलाधरचा फोन कानाशी लावला की आवाजच येत नसे, त्यामुळे तो नेहमी स्पीकरच लावी. चार रिंगनंतर उषाताई बोलल्या. मागं बशा वाजत होत्या, बायकांचा गलका होता. वडे संपत आले असावेत.

"नमस्कार, पेन्शन ऑफिसातून बोलतो. मालूबाईला तुम्ही महिन्याला पगार किती देता?"

गलका थोडा कमी झाला. त्या घोळक्यात कुणीतरी 'कौन है' असं विचारलं. मालूबाई खिडकीपाशी आणखी वाकली.

"अडीच हजार," उषाताईंचा आवाज आला, जरा जास्तच खणखणीत. "लिहिलंय ना मी. आमच्याकडे कामाच्या बाईला असंतसं वागवत नाहीत हो."

आणि त्यांच्या मागून, हसत, सुमनभाभी:

"मैं तीन देती हूँ! मेरा भी लिख लो!"

फोन बंद झाला. लीलाधरनं तो टेबलावर ठेवला.

"मले माहीत हाये, बाई. खरं काय ते दिसते," तो गावाकडच्या बोलीत हळूच म्हणाला. "असं कर. हा फॉर्म मी फाडतो. तू नवा ने. त्यायले समजावून सांग, पुन्हा भरून आन. पंधरा दिवसाची मुदत हाये."

त्यानं नवा, कोरा फॉर्म खिडकीतून पुढं सरकवला. मालूबाईनं तो उचलला. मागची बाजू तीच होती, तेच प्रश्न. म्हणजे ज्योत्स्नानं पुन्हा लिहायचं, पुन्हा आईकडे एकदा पाहायचं. पुन्हा तीन ओटे, पुन्हा 'अगं बाई' आणि पुन्हा जुन्या साड्या. पुढच्या वर्षी परत तेच. आपण काय चोरी केली आहे, की दर वर्षी आपला संसार असा गल्लीभर फिरवून आणायचा?

तिनं कोरा फॉर्म परत सरकवला.

"फाडू नका, भाऊ. हाच चालू द्या. तुमचा शिक्का मारा त्याच्यावर."

"शिक्का मारला तर पेन्शन बंद. समजलं ना?"

"समजलं. आन मले याची एक झेरॉक्स द्या. शिक्क्यासंग."

"दोन्ही बाजूंची?"

"पुढचीच. मागची तुमी गठ्ठ्यात बांधा, आन कोनाले वाचून दाखवू नका."

लीलाधरनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग शिक्का शाईच्या पेटीवर दाबला. 'फोनद्वारे पडताळणी केली' असं त्यानं स्वतःहून खाली लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. ते लिहायची त्याला काही सक्ती नव्हती.

पाच दिवसांनी एक तारीख आली. उषाताईंनी नेहमीसारख्या घडी केलेल्या नोटा ओट्यावर, मिठाच्या बरणीपाशी ठेवल्या. मालूबाईनं त्या उचलल्या नाहीत. तिनं गॅसही पेटवला नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, तिच्यावर बसली, आणि झेरॉक्स टेबलावर ठेवून हातानं सपाट केली. या घरात खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. खुर्ची बरीच मऊ होती.

"हे काय गं?"

"तुमचा दाखला. सही तुमची हाये, शिक्का ऑफिसचा."

उषाताईंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अगं, पण हे... ते ऑफिससाठी होतं."

"ऑफिसनं मानलं. माही पेन्शन बंद केली. आता मीबी मानते."

"बंद केली? अरे देवा! मालू, मला खरंच वाटलं नाही गं असं होईल. त्या दिवशी सगळ्या बसल्या होत्या, मला काही सुचेना." उषाताईंचा चेहरा खरोखर उतरला होता. "मी आत्ता लिहून देते. बाराशे. आत्ताच्या आत्ता. नवा फॉर्म आण."

"बाराशे काबर लिवता? खोटं व्हईन ना ते. धा जनींसमोर तुमीच बोलल्या, अडीच हजार."

"आणि मला नाही परवडत म्हटलं तर?"

"तर मी जाते, ताई. भांडन नाही. नवी बाई पाहा." मालूबाईचा आवाज चढला नाही. तीन घरांतलं एक गेलं तर पुढचा महिना कसा जाईल हे तिनं रात्रंदिवस मोजून ठेवलं होतं, आणि तरीही ती आली होती. "मालू काबर गेली, ते भिशीत काय सांगाचं ते तुमी पाहून घ्या."

उषाताई नोटांकडे पाहत राहिल्या, मग कागदाकडे; दुसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडकली. खाली रेघ ओढलेली सही. त्या थोड्या वाकल्या आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"सुमननं दिले का गं?"

मालूबाईनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"त्यायच्या घरचं त्यायच्यापाशी, ताई. मी एका घरचं दुसऱ्या घरी सांगत नसते."

उषाताई तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत होत्या. तिथं वाचण्याजोगं काही सापडेना. शेवटी त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला.

मालूबाई उठली. खुर्ची जागेवर सरकवली आणि परातीत पीठ घेतलं. सुमनभाभीकडे तिला यानंतर जायचं होतं.