तुलाच दिलं

पेपरमिंटची ती गोळी पर्समध्ये कधीची पडून होती, तिच्या एका बाजूला कागद घट्ट चिकटला होता, आणि कॉरीन तो दातांनी सोडवत सज्ज्याच्या कठड्यावरून खाली सभागृहात बघत होती — मतं मोजून झाली होती आणि मोजणाऱ्यांपैकी एकानंही वर पाहिलं नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं. बातमी चांगली असती तर कुणीतरी वर बघितल्याशिवाय राहिलं असतं का?

मग आकडे वाचले गेले. लेफ्टनंट गव्हर्नर — वेन्डेल स्ट्राउट. टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या.

नोव्हेंबरात, गव्हर्नरच्या खालोखालच्या या पदासाठी, लोकांनी तिला पहिलं ठेवलं होतं, वेन्डेल दुसरा. पण तिघं उभे होते, निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती, आणि असं झालं की या राज्यात निवड आमदारांच्या हातात जाते — जानेवारीत, दोन्ही सभागृहं एकत्र बसवून, गुप्त चिठ्ठ्यांनी. जो पुढे असेल त्याच्याच नावाची चिठ्ठी टाकायची, ही रीत. 'नुसता उपचार गं,' जो तो म्हणत होता, आणि तिनं शपथेसाठी निळा कोट घेतला, नवऱ्यानं, रोलंडनं, संध्याकाळी गावाला सायडर आणि डोनटचं आमंत्रण देऊन टाकलं... कोट आत्ता अंगात होता आणि काखेत आवळत होता. दगा झाला होता. तिला दुसरा शब्द सुचत नव्हता, आणि शोधायचाही नव्हता.

जिन्याखाली ते वाट बघतच होते. पहिला उत्तरेकडचा म्हातारा ऑर्विल. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला, आवाज खाली आणला. "कॉरीन, मी तुलाच दिलं हं. देवाशप्पथ." मग त्याच्यामागची ती उंच बाई, मग वेन्डेलच्याच पक्षाचे दोघं, आळीपाळीनं, कानाशी लागून — "तुलाच दिलं. घात केला तो त्या लोकांनी." ते लोक म्हणजे कोण, हे काही कुणी सांगेना. मयताला आल्यासारखे येत होते, डोळे ओले करून जात होते, आणि ती प्रत्येकाला "माहितीये मला" म्हणत होती... मला काय माहीत होतं? काही नाही. ज्यानं गळा कापला त्याचाच हात मी धन्यवाद म्हणत दाबला असेल, आणि त्याला माझा हात उबदारही लागला असेल.

रोलंड तिच्या कानाशी म्हणाला, "अगं, एवढ्या सगळ्यांनी खरंच दिली असती ना, तर तू गव्हर्नर झाली असतीस." तिला हसू आलं. तो गाडी तापवायला बाहेर बर्फात गेला.

हॅरियट तेवढी आली नव्हती.

ती कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी होती, समोर मक्याच्या दाट सुपाचे दोन वाडगे. "बस. कॉर्न चाऊडर आहे. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या." कॉरीन बसली. खालच्या सभागृहात दोघींची बाकं वर्षानुवर्षं शेजारी होती, मग हॅरियट वरच्या सभागृहात, सिनेटवर गेली आणि तिनंच हिच्यामागे लकडा लावला — "तू उभी राहा. इकडची काळजी माझ्यावर सोड." आणि कॉरीननं आपली हातातली आमदारकी सोडली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी... आई असती तर हेच म्हणाली असती.

"मीठ कमीये," हॅरियट म्हणाली.

आता म्हणेल. आता म्हणेल, तुलाच दिलं. ऑर्विलसारखा माणूस म्हणून गेला, मग हिच्या तोंडाला काय झालं? — की हिला सांगायची गरजच वाटत नाही, सख्ख्या बहिणीला कुणी सांगतं का, — की सांगवत नाही? सकाळी पेटीत चिठ्ठी टाकताना हॅरियटनं वर पाहिलं होतं आणि हसली होती. ते हसणं कॉरीननं आता उलटंपालटं करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं निघालं.

आणि डिसेंबरातलं ते. गाडीत, काचेवर बर्फ, हॅरियट सहज म्हणाली होती, "शेती समिती मला देशील ना?" सिनेटच्या समित्या वाटताना लेफ्टनंट गव्हर्नरचा शब्द चालतो. आणि आपण, अजून शपथही झाली नव्हती तर, खुर्चीत बसल्यासारखं म्हणालो होतो, "बघू. मैत्री वेगळी आणि काम वेगळं." हॅरियट "बरोबरये" म्हणाली होती. फार पटकन म्हणाली होती.

वेन्डेल 'बघू' म्हणाला नसेल.

"विचार की," हॅरियट वाडग्यात बघत म्हणाली.

"काय?"

"जे मघापासून माझ्या तोंडाकडे बघत शोधतेयस ते. सगळे न विचारता सांगून गेले. मी तेवढी राहिलेय. तू विचार, मी सांगते."

कॉरीननं तोंड उघडलं — आणि तिच्या लक्षात आलं, की हॅरियट 'तुलाच दिलं' म्हणाली तर ती फक्त आणखी एक होईल, ऑर्विलमागची, त्या उंच बाईमागची. आणि 'नाही दिलं' म्हणाली तर त्यावर मात्र आपला तत्काळ विश्वास बसेल. खरं वाटेल असं एकच उत्तर आता शिल्लक होतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "सूप गार होतंय."

हॅरियटनं चमचा खाली ठेवला. तिच्या गालांवरचा रंग हळूहळू उतरला, आणि ती कॉरीनकडे अशी बघत राहिली, जशी कॉरीन तासाभरापूर्वी सज्ज्यातून खाली बघत राहिली असेल. "म्हणजे तू ठरवून आलीस," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी हळू.

यावर बोलायला हवं होतं. हात पुढे करायला हवा होता; हॅरियटचा टेबलावरच होता, वीतभर अंतरावर. कॉरीन सूप पीत राहिली, त्याला चव नव्हती, आणि हिनं खरंच आपल्यालाच मत दिलं असेल तर काय, ही भीती तिला वाटू लागली... आत्तापर्यंतच्या सगळ्या दुःखात ती नव्हती. हिनं दिलं असावं, दिलं असावं, असं घोकतच ती जिना उतरली होती. आणि आता हॅरियटच्या त्या उतरलेल्या चेहऱ्यासमोर ती मनातल्या मनात देवाला विनवत होती — हिनं खरंच दगा दिलेला असू दे.