वरचा बाण

बाबांना कॉम्प्युटरवर एकच विद्या येत होती. टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाइप करायची, काळी खिडकी उघडायची, वरचा बाण दाबायचा, की शेवटचा हुकूम, कुणीही दिलेला असो, जसाच्या तसा पुढ्यात उभा. मग एंटर. लगेच आईचा आवाज सुरू. आई जाऊन वर्ष झालं होतं, पण बाबांचा सकाळचा चहा अजून तिच्या गाण्यांबरोबरच व्हायचा. ही विद्या धाकट्या लेकीने शिकवली होती. "वाचत बसू नका हो बाबा, नुसता बाण आणि एंटर!"

एका संध्याकाळी धाकटीने त्याच कॉम्प्युटरवर आपल्या फोल्डरमधला कचरा काढला. 'इथलं सगळं पूस' असा हुकूम दिला, खिडकी मिटली, झोपायला गेली. सकाळी बाबांनी नवी खिडकी उघडली. ती नेहमीच उघडायची ती आईच्या गाण्यांच्या फोल्डरमध्ये. बाण. एंटर.

गाणं लागलं नाही; फोल्डर रिकामा झाला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"मीच काहीतरी दाबलं गं," बाबा म्हणाले. "तिचं एवढंच उरलं होतं, तेही घालवलं."

धाकटीने बाण दाबून पाहिला. ओळ तिचीच होती. माणूस बघा, ज्या हातांनी देवाला नमस्कार करतो, त्याच हातांनी चूक झाकतो. "होतं असं कधी कधी," म्हणत तिने खिडकी मिटली.

बाबा चहा उभ्याउभ्याच घेऊ लागले. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. मावशीला फोनवर म्हणाले, "गाढव आहे मी. वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवू?"

"भाऊजी, एवढी घाई नको," स्पीकरवरून मावशी म्हणाली, "ती तिकडे तुमच्याशिवाय निवांत आहे!"

बाबा हसले नाहीत. भाजी चिरणाऱ्या धाकटीने मान वर केली नाही. रात्री ती जेवायला बसलीच नाही.

सकाळी तिनेच टॉवेल काढला. "बाबा, या इकडे." बाण दाबला. "ही ओळ माझी. पुसायचा हुकूम मी दिलेला. तुम्ही मी शिकवलं तेच केलंत."

बाबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच सकाळी."

"म्हणजे मावशीशी बोलत होतो तेव्हा..."

"हो."

"गाणी गेली ती गेली. चूक देवही पोटात घालतो. पण मला स्वतःला गाढव म्हणू दिलंस गं."

ती रडली. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. मग खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला.

"आता शिकव," ते म्हणाले. "एंटरच्या आधी ओळ वाचायची कशी, ते."