आवाजाचं बटण

"चार जोड्या आहेत, पण प्रेम करायची अक्कल एकीलाही नाही," टीव्हीवरची मालिका बघत सासूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी मला मुठीत आणखी घट्ट धरलं.

मित्रांनो, मी या घरातला एक जुना रिमोट आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी रबरी बटणं टपोरी होती. सासूबाईंच्या मुलाने मला टीव्हीबरोबर हौसेने आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फुलासारखं जपलं. पुढे मी पडलो, पाठीचं झाकण हरवलं. तेव्हापासून रबरबँडने कंबर कसून कामाला उभा आहे.

मग एक दिवस तो मुलगा "आठवड्याभराचं काम आहे" म्हणून बॅग घेऊन गेला. आठवड्याचे महिने झाले. आधी फोन यायचे, मग नुसते मेसेज, मग तेही आटले.

त्याच सुमारास ही मालिका सुरू झाली आणि सासूसुना रोज संध्याकाळी सोफ्यावर बसू लागल्या. सुरुवातीला दोघी खूश होत्या. पण कसलं काय! डॉक्टरांची जोडी नुसती खिडकीतून बघायची. लिफ्टमध्ये अडकलेली जोडी महिना झाला तरी लिफ्टमध्येच.

"एवढ्या वेळात माझं बाळंतपण उरकून मी कामाला लागले होते," सासूबाई म्हणायच्या.

"आणि आई, लिपस्टिक बघा, जशीच्या तशी," सून म्हणायची.

नावं ठेवायच्या, पण एक भाग चुकवायच्या नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक आहे. जाहिराती लागल्या की मालिकेवरचं बोलणं संपायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्याचा काही…" की सून मला उचलून आवाज वाढवायची. सून म्हणायची, "आई, मला जरा बोलायचं…" की सासूबाई वाढवायच्या. एकीला भीती, बोललं तर सून बॅग भरेल. दुसरीला भीती, बोललं तर म्हातारी खचेल. त्या दोघींच्या अंगठ्यांखाली माझं आवाजाचं बटण झिजून गुळगुळीत झालं.

आमच्यासारख्या वस्तूंनी आत्मकथेच्या शेवटी विनंती करायची असते. ती मी इथेच उरकतो, कारण पुढे माझं कुणी ऐकणार नाही. मित्रांनो, आमचे सेल वेळेवर बदला. पण घरातलं बोलणं झाकायला आम्हाला राबवू नका. आम्ही कधीतरी थकतोच.

मी थकलो तो नेमका शेवटच्या भागाला. चारही जोड्या एकाच हॉलमध्ये जमल्या, लिफ्टवाल्यांसकट. पळून गेलेला एक नवरा दारात उभा राहिला आणि बायको हसत धावली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर स्वतःच्या घराच्या दाराकडे गेली. सुनेचीही गेली. मग दोघींची नजरानजर झाली.

सुनेने मला झडप घालून उचललं. बटण दाबलं. आवाज वाढला नाही. तिने मला तळहातावर आपटलं, सेल काढून पदराने पुसले, फिरवून घातले, पुन्हा दाबलं. मी जीव एकवटला, पण काही केल्या जमेना. पडद्यावर नावं सरकू लागली. उद्यापासून या वेळेला काही नव्हतं.

सासूबाईंनी हळूच मला तिच्या हातातून घेतलं आणि सोफ्यावर पालथं ठेवलं.

"राहू दे आता. तो यायचा नाही, पोरी. तुला जायचं असेल तर जा. पण राहिलीस, तर त्याची वाट बघायला राहू नकोस. माझ्यासाठी राहा."