मेहुण्याचे कार्ड

सकाळचा उजेड रोजचाच होता. त्याचे कौतुक करावे असे काही नव्हते. आधी तो वाहनतळापलीकडच्या कुंपणाच्या जाळीवर आला आणि तेथेच बराच वेळ रेंगाळला. मग डांबरावरच्या तेलाच्या डागांवरून सरकत सरकत, रांगेने उभ्या असलेल्या ट्रकांच्या चाकांपाशी पोहोचला. वर चढायची त्याने मुळीच घाई केली नाही. पुढच्या काचेवर चिकटून मेलेली चिलटे एकेक करून उजळली, आरशाची कड उजळली, आणि शेवटी तो आत येऊन स्टिअरिंगवरच्या दोन हातांवर थबकला. हात पन्नाशी उलटलेल्या माणसाचे होते. इंजिन बंद होऊन अर्धा तास झाला होता, तरी त्यांची पकड सुटली नव्हती.

ती पकड त्याने एकेक बोट करून सोडवली आणि सवयीचे पहिले काम केले: डॅशबोर्डमधल्या यंत्रातून मेहुण्याचे कार्ड काढले, आपले घातले. ड्रायव्हर लोक त्या यंत्राला डबा म्हणत. कोणी किती तास गाडी हाकली आणि किती तास पाठ टेकली, ते डबा कार्डावर उतरवून ठेवी. दिवसाला नऊ तास चालवायचे, मग सलग अकरा तास विश्रांती घ्यायची, असा कायदा होता. मेहुण्याची कंबर गेल्या वर्षी कामातून गेली होती. कागदोपत्री मात्र तो अजून याच गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर होता, आणि त्याचे कार्ड ठणठणीत होते. काल संध्याकाळपासून तो घरी पट्टा बांधून पडलेला असताना डब्याच्या लेखी त्याने सहाशे किलोमीटर मारले होते, आणि याने मागच्या फळीवर बारा तास ताणून दिली होती.

डब्याने हिरवा दिवा दाखवला. म्हणजे गाडीवाला ताजातवाना होता. अलीकडे त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या दिव्यावरच अधिक विश्वास बसू लागला होता.

फोन वाजला. गाड्यांच्या फेऱ्या ठरवणारी ऑफिसातली मुलगी होती.

"काका, झाली का झोप? स्क्रीनवर दिसतंय, मस्त आराम झालाय तुमचा."

"झाली की."

"मग दोनच्या आत माल उतरवायचा. ती वेळ हुकली तर उद्यावर जातंय, आणि तिमाहीच्या किलोमीटरची मोजणी आज बंद होते. तुमचे थोडक्यात कमी आहेत. लांबच्या गाड्यांची यादी साहेब संध्याकाळी लावणार."

"पोचतो ताई. दहा मिनिटांत निघतो."

यादीतून नाव गेले की गोदामाच्या अंगणात गाड्या मागेपुढे करायचे काम मिळे. बावीस वर्षे त्याने समोरचा रस्ता पाहिला होता. उरलेली वर्षे त्याला आरशात बघत काढायची नव्हती.

तो खाली उतरला. गुडघ्यांनी कुरकुर केली. शेजारी नुकत्याच येऊन थांबलेल्या गाडीच्या पायरीवर 'घड्याळ' थर्मास उघडत बसला होता. तास भरले की तो भर रानातही गाडी बाजूला घेई, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणत. त्यालाही त्याचे काही वाटत नसे.

"ये, बस. तोंड बघ तुझं, वाळत घालून विसरल्यासारखं झालंय."

"तुझं काय, तू आठवड्याला दोन गावं करतोस. तोंड राहणारच गुळगुळीत."

"दोन करतो, पण दोन्ही आठवतात." घड्याळाने झाकणात चहा ओतून दिला. "पहाटे चारला उठून निघालो. त्या पुलावर अर्धा तास गेला बघ. तुला किती थांबवलं?"

"कुठल्या?"

"अरे, नदीवरच्या. दुरुस्तीसाठी एकच बाजू चालू ठेवलीय ना. आपल्याला दुसरा रस्ता आहे का?"

"हां, तो." त्याने चहाचा घोट घेतला, जीभ पोळली. "मला फार नाही थांबवलं. दहाएक मिनिटं."

"नशीबवान. माझ्या आधी कोणी तरी शहाणा न थांबताच घुसला आणि रस्त्यावर मांडलेले तीन नारिंगी शंकू उडवून गेला. कामावरचे लोक ते गोळा करत होते आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. कोणाला लागलं नाही, एवढंच. शंकूंपासून दोन हातांवर उभे असतात बिचारे."

"असतात काही जण असे," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

चहा संपवून तो गाडीभोवती फेरी मारायला निघाला, कारण निघण्यापूर्वी फेरी मारायचीच असते. टायर ठीक होते. दोर ठीक होते. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, बंपरपासून मडगार्डपर्यंत, नारिंगी रंगाचा एक लांब ओरखडा होता. मडगार्डच्या फटीत प्लॅस्टिकचा नारिंगी तुकडा अडकला होता. तो त्याने ओढून काढला.

जुना असेल, असे त्याने मनाशी म्हणून पाहिले. ओरखड्यावर धूळ नव्हती. मग त्याने पूल आठवून पाहिला. पुलाच्या आधीचा पेट्रोलपंप त्याला आठवत होता. तेथे त्याने तोंडावर पाणी मारले होते. त्यानंतर हे कुंपण आठवत होते आणि जाळीवर आलेला उजेड. मधले सत्तर किलोमीटर कोठेच नव्हते. तो पुन्हा पुन्हा पंपापासून निघाला आणि पुन्हा पुन्हा कुंपणापाशी पोहोचला.

"काय रे, पंक्चर का?" घड्याळाने पायरीवरूनच विचारले.

त्याने तुकडा दाखवला. घड्याळ त्या नारिंगी प्लॅस्टिककडे बघत राहिला आणि थर्मासचे झाकण उगाचच घट्ट करत बसला.

फोन पुन्हा वाजला.

"काका, निघालात ना? गाडी इथे अजून उभीच दिसतेय."

"नाही निघालो."

"का? बिघाड आहे का?"

"गाडीला काही नाही."

"मग? तुमची विश्रांती तर पूर्ण झालीय. अकराच्या वर आहे."

"ते खोटं आहे, ताई. मेहुण्याचं कार्ड घालून रात्रभर मीच चालवलं."

तिने आवाज खाली आणून विचारले, "काका, हे मला कशाला सांगताय? मला लिहावं लागेल. मेहुण्यांचंही नाव जाईल त्यात."

"लिहा."

"पण आत्ताच का?"

त्याने तुकडा बंपरवर ठेवला.

"पुलावर मी झोपलो होतो," तो म्हणाला.