गळ्यातली कात्री

एन्कार्नासियोन शहराच्या सरकारी इस्पितळात जबडा मोडून येणारा प्रत्येक माणूस मोटरसायकलवरून पडलेला असतो. निदान सांगतात तरी सगळे तसंच. एक म्हातारी तर जन्मात कधी मोटरसायकलवर बसली नव्हती, पण तिनंही तेच सांगितलं. निमिया बारेइरो ही तिथली जबड्याची सर्जन. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. रविवारची दुपार, बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि शनिवारपासून अपघात विभागात उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते.

त्यात भर म्हणून विभागप्रमुख रिकेल्मे सरांचा अभ्यास. जबडा साधा मोडला असेल तर उपाय दोन. जुना म्हणजे वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना जखडायचे आणि हाड जुळेपर्यंत महिना-सव्वा महिना तोंड बंद. नवा म्हणजे हाडावर धातूची बारीक पट्टी बसवायची, माणूस दुसऱ्या दिवसापासून बोलायला मोकळा. दोन्हींत बरं कुठलं, ते सरांना शोधायचं होतं. पट्ट्या महाग, इस्पितळात आल्या त्या फक्त या अभ्यासापुरत्या. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरनं ठरवायचंच नाही. बंद पाकीट फोडायचं, निघेल ते करायचं. सर म्हणायचे, दया आली म्हणून एक पाकीट बदललंत तर बाकीच्या सगळ्यांनी सोसलेलं फुकट गेलं समजा. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच निमियाला त्याचा जास्त राग यायचा.

त्या दुपारी सुनिल्दा ओवेलार आली. बसथांब्यावर डोक्यावर टोपली घेऊन चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, विकणारी बाई. गरम चिपाची तिची आरोळी गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला जायची. आता गाल सुजून भोपळा झालेला आणि बोलत होता तिचा नवरा. मोटरसायकल घसरली, म्हणाला. मोठा गोड माणूस, दर वाक्याला डॉक्टरबाई, डॉक्टरबाई. निमियानं सुनिल्दाचे तळवे उलटे केले. पडणारा माणूस आधी हात टेकतो, तळवे सोलवटून निघतात. हिच्या तळव्यांवर ओरखडा नव्हता. दंडावर मात्र बोटांचे वळ होते.

देओलिंदा, विभागातली जुनी नर्स, तिनं नवऱ्याला काहीतरी आणायला औषधाच्या दुकानात पिटाळलं. मग निमियानं सरळ विचारलं. सुनिल्दानं दाराकडे पाहिलं आणि मोटरसायकलच सांगितली. पोलीस नको, म्हणाली. अशा बायकांसाठी नेमलेली बाई सोमवारी येते, तोवर राहा इथंच, तर तेही नको. अभ्यासाचं सगळं समजावून दिल्यावर तिनं सही केली आणि तोंड जेमतेम हलवत म्हणाली, पट्टी निघाली तर बरं, मला ओरडून विकावं लागतं.

निमियानं पाकीट फोडलं. तार निघाली.

तिचा हात पुढच्या पाकिटावर गेला. देओलिंदानं ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"फोड गं पोरी. मी काही बघत नाहीये. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणार आपण."

निमियाला ते फोडायचं होतं, अगदी मनापासून. पण इतक्या जणांना हात जोडून या अभ्यासात बसवलं होतं. पट्टी मिळावी म्हणून तेही असेच तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, आणि त्यांना तिनं सांगितलं होतं की आमच्या हातात काही नाही. त्या सगळ्यांना सांगितलेलं खोटं पाडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं हात मागे घेतला आणि तार मागवली. बांधताना तिला स्वतःची किळस आली.

तारवाल्या रुग्णाच्या गळ्यात तार कापायची छोटी कात्री दोरीनं अडकवून देतात. उलटी झाली तर बंद तोंडात माणूस गुदमरतो, म्हणून. नवरा परत आला होता. निमियानं त्याच्यादेखत नियम सांगितला की उलटी आली तरच इथं आणि इथं कापायचं, एरवी हात लावायचा नाही. मग दोरीची गाठ मारायला ती वाकली आणि सुनिल्दाच्या कानाशी म्हणाली, "उलटीसाठीच असं काही नाही. तोंड लागेल तेव्हा काप."

सुनिल्दानं कात्री झग्याच्या आत सरकवली.

तपासणीच्या दिवशी ती आलीच नाही. निमियानं कोणाला बोलून दाखवलं नाही, पण दार वाजलं की हातातलं काम सोडून ती तिकडे बघायची. आली ती पुढच्या आठवड्यात, एकटी. तारांची टोकं ओठांतून बाहेर आलेली, जबडा एका बाजूला सरकलेला. हाड वाकडं जुळत चाललं होतं. रिकेल्मे सर चष्मा पुसत उभे राहिले. तारवाल्यांतला आणखी एक अभ्यासातून गेला, म्हणाले. कापली कशाला? उलटी झाली? श्वास कोंडला?

"ओरडायला," सुनिल्दा म्हणाली. "सुरी घेऊन आला होता. मी न्हाणीघरात कोंडून घेतलं, तार कापली आणि चिपा विकताना ओरडते तशी ओरडले. गल्लीला माझा आवाज पाठ आहे. सगळे धावून आले."

नवरा नदीपलीकडच्या देशात, पोसादासला पळाला होता. सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाले की अभ्यासात हे तारेचं अपयशच धरावं लागेल, आणि निघून गेले.

आता हाड सोडवून पुन्हा बसवायला हवं होतं. अभ्यासातून बाहेर पडलेल्याला पट्टी नाही. म्हणजे परत तारच, परत तितकेच दिवस. हे कोणत्या तोंडानं सांगावं, निमियाला कळेना. शेवटी तिनं खाली बघत सांगून टाकलं.

"बांधा डॉक्टरबाई," सुनिल्दा म्हणाली. "आता घरी कोणी नाही."

देओलिंदानं तारेचं भेंडोळं पुढे केलं. निमियानं हातमोजे चढवले. तेवढ्यात सुनिल्दानं तिचं मनगट धरलं.

"पण तशी कात्री पुन्हा द्या मला. आधी ती गळ्यात घाला, मग तोंड बांधा."