बैठकीची तिसरी टीप

आमच्या घरात विजारीच्या बैठकीला तीन टिपा घालतात. एक सरळ, दुसरी तिला चिकटून, आणि तिसरी वरून, कड दाबून. का, तर माणसाचं अर्धं आयुष्य ढुंगणावर जातं आणि उरलेलं अर्धं वाकण्यात. ही पद्धत माझ्या सासूने घातली. तिने शिवलेली विजार घालून एक जण जिन्यावरून गडगडला. जिना मोडला, माणूस दोन ठिकाणी मोडला, विजार तशीच्या तशी. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने आधी विजार परत धुवायला टाकली आणि मग कण्हायला घेतलं. मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगते मात्र पाहिल्यासारखं, कारण गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवतं आणि माप द्यायला उभं राहतं.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. चालवते माझी सून. मी काजं करते, बटणं लावते, आणि हातातली विजार पुरी होईपर्यंत आलेल्याला गप्पांत अडकवून ठेवते. मुलगा बंदरावर क्रेन चालवायचा. जहाजं यायची थांबली तसं त्याचं जायचंही थांबलं. त्यालाच विचारलं मी, बाबा रे, जहाजं कुठे गेली. तो म्हणाला, लांबच्या देशात मोठमोठ्या बँका बुडाल्या. ज्यांना फेडता येणार नाही अशांना त्यांनी घरासाठी कर्जं दिली, मग त्या कर्जांच्या पुड्या बांधून जगभर विकल्या.

"आणि घेणाऱ्यांनी पुडी उघडून बघितली नाही?"

"कागद चकचकीत होता, आई."

बँका बुडाल्या तिकडे आणि पाणी शिरलं आमच्या स्वयंपाकघरात. तेल महागलं, पीठ महागलं. जे महागलं नाही ते आक्रसलं. साबणाच्या वडीला मधे खळगा पडला, जणू तिलाच उपास घडलाय. काड्यापेटीत काड्या अशा सुट्यासुट्या, की हलवली तर खुळखुळा. बिस्किटाचा पुडा मी फोडला तर आतून एवढी हवा सुटली की खिडकीचा पडदा हलला, आणि तळाशी चार बिस्किटं एकमेकांना धरून बसलेली. किंमत मात्र तीच. वेष्टण तेच. त्यावरची हसरी बाईसुद्धा तीच. तिचंच तोंड बघून मला जास्त शिसारी यायची.

अशात सूनबाईला मोठं काम मिळालं. आमच्या गावातली बँक अजून तरंगत होती. तिच्या वॉचमन लोकांना नव्या विजारी हव्या होत्या, गडद निळ्या. काम घेऊन आला तो कंत्राटदार. त्याला मी लोणी म्हणते, कारण तो बोलतो तेव्हा खुर्चीलाही डाग पडतो की काय असं वाटतं. कापड त्याचं, दोरा आमचा, आणि शिलाईचा भाव आधीच ठरवून टाकायचा. सून पटकन हिशोबाला लागली. आमचा हिशोब मीटरचा नसतो. माझ्या सासूपासून एकच ठरलेलं, एका रिळात सहा विजारी. त्यावर तिने भाव सांगितला, लोण्याने थोडा घासला, काम पक्कं झालं. हे काम पुरं झालं असतं तर मशीनचे हप्ते फिटले असते, आणि घरात बसलेल्या नवऱ्याला नोकरी मिळेपर्यंत तिने ओढून नेलं असतं. सगळं घर त्या निळ्या कापडावर डोळे लावून बसलं होतं.

चौथ्या विजारीला दोरा संपला.

सुनेने मशीन थांबवलं, रिकामं रीळ हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "आई, उशांच्या अभ्र्यांना तुम्ही निळा दोरा वापरलात का?"

"पांढऱ्या अभ्र्याला निळा दोरा? आंधळी झाले का मी?"

"परवा तुमच्या चपलेचा पट्टा शिवलात, तो निळाच दिसतोय."

"तो आधीपासून निळा आहे. तुझ्या लग्नातली चप्पल आहे ती."

दुसरं रीळ लावलं, तेही चौथ्यालाच गेलं. मग मुलावर संशय, मग मशीनवर. मशीन दोरा खातंय म्हणून तिने त्याला तेल पाजलं. शेवटी मी एक जुनं, कधीचं संपलेलं रीळ आणलं, त्यावर मी इलॅस्टिक गुंडाळून ठेवते. दोन्ही शेजारी ठेवली. उंची तीच, चकती तीच. जुन्याचा दांडा माझ्या करंगळीएवढा. नव्याचा माझ्या मनगटाएवढा, आणि आतून पोकळ. बडा घर, पोकळ वासा. त्यात उंदराने संसार मांडला असता, पाहुणेही बोलावले असते.

मी ते रीळ पिशवीत टाकलं आणि दोरेवाल्याकडे गेले. तो काउंटरमागे पंख्याखाली बसला होता.

"हा दोरा विकता का प्लॅस्टिक?"

"आजी, सगळ्या जगात मंदी आहे. कंपनीने भाव वाढवला नाही, उपकार माना."

"दोरा कमी केला ना."

"तळाला लिहिलंय की, किती मीटर ते."

मी रीळ उलटं करून बघितलं. अक्षरं एवढी बारीक, की मुंगीलाही चष्मा लागावा. "हे कुणी वाचायचं?"

"कुणीच वाचत नाही," तो म्हणाला, आणि लाजला असता तरी बरं. लाजला नाही. वर हसला. मला ओकारी येईल असं वाटलं, पण त्याचं दुकान मलाच झाडायला लागेल म्हणून आवरली.

घरी हिशोब उघडा पडला. तीन टिपा घालायच्या तर दर बारा विजारींमागे एका जादा रिळाचे पैसे सुनेच्या खिशातून जाणार, म्हणजे त्या घासलेल्या भावात रात्रंदिवस शिवून हाती शून्य. मुलगा म्हणाला, "एक टीप घाल. दुनिया एक टीप घालते."

"बैठक उसवेल," सून म्हणाली.

"एकदम नाही उसवणार. चार-सहा महिने जातील. तोवर पैसे आलेले असतील."

"आणि वॉचमन?"

"वॉचमन उभे असतात."

हे माझ्या पोटचं पोर. मी त्याच्याकडे बघत राहिले. चांगला होता हो. क्रेनवर होता तेव्हा एकदा वाऱ्यात पेटी हलायला लागली, खाली माणसं होती, तर हा पेटी खाली टेकेपर्यंत जेवायला उतरला नव्हता. घरी बसून बसून त्या नव्या रिळासारखा त्याचाही दांडा जाड व्हायला लागला होता. मी तसं म्हटलं तर ताट सारून उठून गेला.

सुनेने कापड पुढे घेतलं, पहिली टीप घातली, दुसरी घातली, आणि तिसरीपाशी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. मग घातली. मग पुढची विजार घेतली. असं प्रत्येक विजारीला. तिचा तो हात बघवत नव्हता.

दोन दिवसांनी लोणी काम बघायला आला. सुनेने त्याला दोन्ही रिळं दाखवली आणि म्हणाली, भाव थोडा वाढवून द्या, दोऱ्याचं तेवढं.

"ताई, भाव म्हणजे शब्द. शब्द कसा वाढणार? तुम्ही टिपा कमी करा ना. बैठकीच्या आत कोण बघतं?"

"घालणाऱ्याला कळतं."

"मी स्वतः एका टिपेची घालीन, बिनधास्त." एवढं बोलून त्याने पिशवीतून आपली विजार काढली. जगाचं पोट खपाटीला चाललं होतं आणि ह्याची कंबर वाढली होती. मागून दोन बोटं सैल करून हवी होती. "आजी, एवढं जमेल ना उद्यापर्यंत? बँकेत साहेबांकडे जायचंय."

"जमेल की," मी म्हटलं. "तुमच्या पसंतीने करू."

सून बाजारात गेली तेव्हा मी मशीनवर बसले. त्याच्या विजारीची बैठक कंबरेपासून खालपर्यंत उसवली. कुणी तरी शहाण्याने तीन टिपा घातल्या होत्या. मग टाक्याची कळ सगळ्यात लांबवर नेली, एवढी की एका टाक्यातून मांजर गेलं असतं, आणि एकच टीप घातली. वरून इस्त्री मारली. काय दिसत होती म्हणून सांगू, अगदी त्या बिस्किटावरच्या बाईसारखी.

पुढचं मला बँकेच्या एका वॉचमननेच सांगितलं. लोणी साहेबांच्या खोलीत गेला, नमुन्याची विजार टेबलावर पसरली, म्हणाला, बघा कसं पक्कं काम आहे. टेबलावरून साहेबांचं पेन पडलं. लोणी ते उचलायला वाकला. आवाज असा झाला, की खाली रांगेतल्या लोकांना वाटलं बँकच फुटली, आणि त्यांनी धडाधड पैसे काढायला सुरुवात केली. हे शेवटचं माझ्या पदरचं आहे. पण आवाज झाला हे खरं.

तासाभरात तो आमच्या दारात. मागे फाइल धरलेली, चालणं खेकड्यासारखं.

"आजी, हे मुद्दाम केलंत."

"एक टीप घातली. तुम्हीच म्हणालात, आत कोण बघतं."

"मी वॉचमन लोकांबद्दल म्हणालो होतो."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं, की मला येणारं हसू तिथेच राहिलं. मला वाटलं होतं माणूस चिक्कू आहे. चिक्कू परवडला. ह्याने ढुंगणांचेही दोन वर्ग केले होते. आणि त्याला तोंडातून काय निघालं ते कळलंही नव्हतं. तो रुमालाने मान पुसत होता.

सुनेला तोवर काही माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्या फाइलकडे बघितलं, आणि ओठ आत ओढून धरले.

"ताई, सरळ सांगतो," तो म्हणाला. आता आवाजात लोणी नव्हतं. "एका टिपेत करायचं तर करा. नाहीतर कापड उचलतो. शिवणारे पुष्कळ बसलेत रिकामे."

मुलगा दाराशी उभा होता. तो खाकरला. तिने ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

"शिवून झाल्या त्या तीन टिपांच्या आहेत," ती म्हणाली. "त्यांचे द्या आणि बाकीचं न्या."

त्याने तेवढे पैसे मोजले आणि सगळं नेलं. गठ्ठा उचलताना वाकायची सोय नव्हती म्हणून माझ्या मुलालाच तो गाडीपर्यंत नेऊन द्यावा लागला.

तीन-चार दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही. चहाचा कप असा आपटून ठेवायचा की निम्मा बशीत. सून भांडी घासताना एकदा म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला विचारून करा. मी त्याची चेनपण ढिली केली असती." हसली, पण डोळे सुजलेले होते. मशीनचे हप्ते काही हसण्याने फिटत नाहीत.

मग तिने दारावर पाटी लावली. शिलाई वाढली आहे, टिपा तीनच. सगळं गाव आक्रसत असताना भाव उघड वाढवणारं आमचंच एक दुकान. लोकांनी काय करावं? नाक मुरडलं. एक बाई म्हणाली, पलीकडचा शिंपी जुन्याच भावात शिवतो. मी म्हटलं, जा की. पलीकडचा खिसे असे आखूड करतो की त्यात बोटाची दोन पेरं बुडतात. बाई म्हणाली, खिशात घालायला उरलंय काय? आणि गेली. तिचं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच वीट आला. फसवणाऱ्याचा येतोच. पण फसवणूक स्वस्त पडते म्हणून माणसं तिच्या दारात रांग लावतात, ते बघताना तोंडाची चव जाते.

पुढच्या महिन्यात बँकेतून एक बातमी आली. वॉचमन लोक एकदम शिस्तीत उभे राहायला लागले होते. सगळे भिंतीला पाठ लावून, ताठ. जाणारे-येणारे म्हणत, काय पहारा आहे. कुणाच्या हातून काही पडलं तर वॉचमन उचलून देत नसत, नुसते बघत.

मग त्यांतला एक आमच्याकडे आला. मघाशी सांगितलेली हकीकत त्यानेच सांगितली. वयस्कर, केस पांढरे, कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत. उघडलं तर गडद निळी विजार, बैठक मधोमध गेलेली. अंगातलीही तसलीच, एका सेफ्टी पिनवर.

"ताई, तीन टिपा तुमच्याकडेच घालतात ना?"

"घालतो. पण ही आमची नाही."

"माहितीय. आमच्यातल्या काही जणांना तुमच्या मिळाल्या. ते ऐटीत बसतात. आम्ही उभे."

"बँकेला सांगा, बदलून देईल," मुलगा म्हणाला.

वॉचमन त्याच्याकडे बघून हसला, जसं लहान पोराकडे बघतात तसं. "बँक म्हणते, गणवेश फाडला तर जबाबदारी तुमची. ह्या विजारीचे पैसेही पगारातून कापलेत, चांगल्या शिलाईच्या भावाने. अंगावरची आत्ता करून द्याल का? तासाभरात ड्यूटी आहे."

म्हणजे रीळवाल्याने दोरा गिळला, लोण्याने टिपा गिळल्या, बँकेने पगार गिळला, आणि तिसऱ्या टिपेचे पैसे शेवटी ज्याच्या खिशातून जाणार तो हा, पडद्यामागे चादर गुंडाळून उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी थुंकायला दारापर्यंत गेले आणि परत आले. कुठे कुठे थुंकणार?

सुनेने त्याला नुसत्या दोऱ्याचा भाव सांगितला. मुलाने आधी तोंड उघडलं, मग मिटलं. मग न सांगता पाटावर बसला, विजार मांडीवर घेतली आणि जुनी टीप उसवायला ब्लेड शोधायला लागला. दोऱ्याचं टोक हाताला लागलं तसं त्याने जरासं ओढलं. शिवण सर्रकन दोन बोटं उघडली. तो तसाच थांबला. मान वर केली नाही.

"आई, ह्याला ब्लेडसुद्धा लागत नाही."

"ओढ मग," मी म्हटलं.

त्याने ओढलं. कंबरेपासून खालपर्यंत एका दमात सगळी बैठक दोन्ही बाजूंना पडली, आणि दोरा अख्खाच्या अख्खा त्याच्या हातात. कितीतरी वेळ तो दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत बसला.

"झालं का हो?" पडद्यामागून आवाज आला. "चादरीत वारं शिरतंय."

"आता सुरू करतोय," मुलगा म्हणाला, आणि मशीनपाशी सरकून बायकोला रिळातला दोरा ओवून दिला.