काडी कुणाकडे वळली

कॉलनीच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळे गोल करून बसलेले. मधोमध स्टुलावर काचेची बशी आणि बशीतल्या मेणाच्या गोळ्यात खोचलेली एक तपकिरी काडी. तिचं वरचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं आडवं वाकलेलं. काडीमहाराजांनी डोळे मिटून मंतरलेल्या पाण्याचे थेंब तिच्यावर सोडले आणि काडी हळूहळू फिरायला लागली. कुणी हात लावला नव्हता. पंखेसुद्धा महाराजांनी बंद करायला लावले होते.

"हिला गवत समजू नका!" महाराज गरजले. "हिच्यात सूक्ष्म व्होल्टेज आहे. परदेशातले शास्त्रज्ञ माझ्या मागे लागलेत. मीच देत नाही. घरात कुणी गेलं असेल, तर कुणाच्या चुकीने गेलं ते ही सांगते."

हे व्होल्टेज मोजलं कुणी, असं विचारायला माझी जीभ वळवळत होती. तरी मी गप्प बसलो, कारण काडी माझ्याच दिशेने येत होती.

खरं तर मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. दर रविवारी कॉलनीमागच्या पायवाटेवर मी लोकांना रानफुलं आणि तण ओळखायला शिकवतो. जे डोळ्यांना दिसतं ते नीट बघा, हे माझं पालुपद. पण आमची आई नुकतीच गेली होती. त्या दुपारी तिच्याजवळ बसायची पाळी माझी होती आणि मी पायवाटेवर लोकांना एकदांडीची फुलं दाखवत रेंगाळलो. रात्रभर जागलेली वहिनी माझ्याऐवजी बसली. तिचा डोळा लागला आणि तेवढ्यात आई गेली.

काडी माझ्यावरून पुढे सरकली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मी! शेजारी वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती. काडी तिच्यासमोर आली मात्र, महाराज ओरडले, "थांब!" आणि त्यांनी बशीवर रुमाल टाकला.

"झोपलीस ना गं?" त्यांनी विचारलं. वहिनीने मान खाली घातली.

प्रायश्चित्त ठरलं. तिने रोज महाराजांकडे झाडलोट करायची आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या. "दुसऱ्याच्या आजारपणात झोपणाऱ्याने स्वतः औषध कसं घ्यावं?" महाराजांनी विचारलं आणि लोकांनी माना डोलावल्या. माझी मान डोलली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

आठवडाभरात वहिनी भिंत धरून चालायला लागली. दादा ओरडला, डॉक्टरांनी खडसावलं, पण ती ढिम्म हलली नाही. "काडीला सगळं कळलंय भाऊजी," ती मला म्हणाली, "आता तुम्ही कशाला समजूत घालता?" खरं काय ते सांगायला ओठ उघडायचे आणि मिटायचे.

रविवारी नेहमीच्या लोकांबरोबर मी तिलाही हट्टाने पायवाटेवर नेलं. सपाट वाट, हळू चाल, दर वळणावर बसायला बाक. टाकळ्याची पिवळी फुलं दाखवली, घाणेरी दाखवली. शेवटी टाकीजवळच्या वाळक्या गवतातून आम्ही परतलो तेव्हा सगळ्यांच्या मोज्यांना कुसळं चिकटली होती. नळाजवळच्या कट्ट्यावर बसून जो तो ती उपटू लागला. इतकी वर्षं मी ती उपटून फेकतच आलोय. एकदाही हातात धरून बघितली नव्हती.

वहिनीने एक उपटलं, ओल्या कट्ट्यावर ठेवलं आणि ती दचकली.

"भाऊजी, हे फिरतंय."

मी वाकून बघितलं. तपकिरी, पिळदार, वरचं टोक आडवं वाकलेलं. तीच काडी! दुसऱ्याचं कुसळ शोधणाऱ्या मला समोरचं मुसळ दिसलं नव्हतं.

"गवताचं बी आहे हे," कधीतरी वाचलेलं आठवून मी म्हणालो. "शेपटीला दोरीसारखा पीळ असतो. पाणी लागलं की तो सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं."

"पण माझ्यापाशीच कशी थांबली?"

"ती थांबली नव्हती, वहिनी. त्याने रुमाल टाकला. सगळ्यांत जास्त कोण रडतंय हे बघूनच त्याने 'थांब' म्हटलं. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याचा डोळा कधीतरी लागतोच, म्हणून झोपेचाही अंदाज मारला."

तिने तीन-चार कुसळं पदराच्या टोकात बांधून घेतली.

संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. महाराज काही बोलायच्या आत वहिनीने स्वतःचं कुसळ मेणात खोचलं आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपातलं पाणी त्यावर शिंपडलं. काडी फिरायला लागली. शिंप्यावरून गेली, पोस्टमनवरून गेली, दादावरून, माझ्यावरून. थेट महाराजांकडे आली तसे ते खुर्चीसकट मागे सरकले.

"थांब म्हणा ना, महाराज," वहिनी म्हणाली.

"अपवित्र पाणी आहे ते!"

"तुम्ही आत्ताच पेलाभर प्यायलात त्यातलं."

पहिला हसला शिंपी. मग हॉलच हसला. महाराजांनी बशी उचलली आणि पुढच्या भक्तांना वेळ दिलेली आहे म्हणत काढता पाय घेतला.

हसत नव्हती ती एकटी वहिनी. घरी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काडी खोटी ठरली. पण मी झोपले होते, ते तर खरंच ना?"

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की आईचं हृदय थांबलं, शेजारी दहा जण जागे असते तरी ते थांबलंच असतं. मी तेच पुन्हा सांगितलं. मग ज्यासाठी ओठ उघडत नव्हते तेही सांगितलं. "त्या दुपारी पाळी माझी होती. काडी माझ्यावरून पुढे गेली तेव्हा मला बरं वाटलं, वहिनी. तुझ्यावर आली तरी मला बरंच वाटलं."

ती म्हणाली, "पाळी कुणाची होती ते काडीपेक्षा मला जास्त माहीत होतं. तुम्ही बोलायची मी वाट बघत होते. गोळी आणा. आणि पाणी."

मी दोन्ही आणलं. तेव्हापासून पायवाटेवर कुणी नवीन आलं की आधी मी कुसळावर पाणी टाकून दाखवतो. गवताला ओल कळते, पाप कळत नाही. आपल्या हातून काही चुकलं असं वाटत असेल, तर डॉक्टरला विचारा आणि ज्याच्याबाबत चुकलं असेल त्याच्याशी बोला. बशीत काडी फिरवणाऱ्याला तुमची चूक ठाऊक नसते, फक्त तुमचे डोळे ओले आहेत एवढं त्याला दिसतं.